केरसुणी नव्हे, खराटा

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पोरं कंटाळून चकल्यांच्या डब्याभोवती घुटमळत होती, तेव्हा पुतण्याने सॅकमधून एक पुस्तक काढलं. 'किड्स ऑन ब्रूम्स', अमेरिकेतला 2020 सालचा खेळ. पट नाही, पत्ते नाहीत. जादूच्या शाळेतली मुलं व्हायचं, टेबलाभोवती बसून गोष्ट पुढे न्यायची आणि अडलं की फासा टाकायचा.

"म्हणजे भातुकलीच की," मी म्हटलं.

"काकू, भातुकलीत फासे असतात का?"

फासे मात्र बघत राहावे असे. वीस बाजूंचा पार दिवाणाखाली पळतो. चार बाजूंचा घरंगळतच नाही, समोशासारखा बसतो. बुद्धी, बळ, मारामारी, पळ काढणं, गोडवा, चिवटपणा असे सहा गुण. ज्यात तरबेज त्याला वीसचा फासा, ज्यात ढ त्याला चारचा. माझ्या लेकीने चिवटपणाला चारचा दिला. नऊ वर्षांची आहे, पण स्वतःला ओळखून आहे.

शाळाही आपणच रचायची. पुस्तक प्रश्न विचारतं, उत्तरं खेळणाऱ्यांची. आमची शाळा सिंहगडाच्या पोटात निघाली. मेसमध्ये रोज पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही.

"आता झाडूवर बसा," पुतण्या म्हणाला आणि लेक खरंच कोपऱ्यातली नवी केरसुणी घेऊन आली. हळदीकुंकूसुद्धा पुसलं नव्हतं.

"अगं, पाय काय लावतेस! लक्ष्मी ना ती?" स्वयंपाकघरातून सासूबाई.

खेळ थांबला. बऱ्याच वाटाघाटींनंतर खराट्यावर तडजोड झाली. तो अंगणातला, त्याला सगळं चालतं.

खरी धास्ती मला पुढची होती. आमच्याकडे कॅरममध्ये राणी गेली की स्ट्रायकर भिरकावला जातो. रडीचा डाव हा घरातला कायमचा पाहुणा. लेकीला आठ हवे होते, पडले तीन. ओठ थरथरायला लागला. पुतण्याने शांतपणे तिच्यापुढे एक चिंचोका सरकवला. फसलात की एक टोकन मिळतं, आणि पुढे कधी दान कमी पडलं तर एका टोकनाला एक आकडा वाढवून घेता येतो. टोकनं आमच्याकडे कुठली? सासूबाईंच्या बरणीतले चिंचोके.

संध्याकाळपर्यंत तिच्याकडे सात जमले. खर्चायला तयार नाही. शेवटी तळघराचं दार उघडायला बारा हवे आणि पडले नऊ. तिने तीन चिंचोके एकेक करून मोजून दिले, वाण्याला सुट्टे द्यावेत तसे.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. हात पुसत आल्या, खुर्ची ओढली. "मलाही एक पोरगी द्या. उडणार नाही हं, गुडघे दुखतात."

"आजी, वीसचा फासा कशाला देऊ?"

मी मनात म्हटलं, गोडवा.

"मारामारीला," सासूबाई म्हणाल्या.