पोर्टो रिकोचा कोन सुटला, ग्वाम मात्र हातचं गेलं

मंडळी, मागच्या अपडेटमध्ये मी फार तोऱ्यात लिहिलं होतं ना की पोर्टो रिकोवालं २ सेंटचं टपाल तिकीट बहुतेक २५ अंशांचं निघणार. नाही निघालं. ३६ चंच आहे, नेहमीचं, ढिगाने मिळणारं. पण तिथपर्यंत पोचायला तीन आठवडे गेले, म्हणून सगळं लिहून ठेवतेय, निदान तुमचा तरी वेळ वाचेल.

झालं काय, १८९८ मध्ये स्पेनशी झालेल्या युद्धात ताब्यात घेतलेल्या बेटांसाठी अमेरिकेने आपल्याच तिकिटांवर बेटाचं नाव वरून छापलं, त्या ओव्हरप्रिंटची अक्षरं तिरकी चढत जातात आणि कॅटलॉगवाले दोन कोन देतात, ३६ आणि २५. मोबाइलवर फोटो काढून अ‍ॅपमध्ये मोजला तर ३१. दोन्हीच्या बरोब्बर मध्ये! मग १२०० डीपीआयवर स्कॅन केला, ३३. मग लेकीच्या कंपासपेटीतला कोनमापक काढून परफोरेशनच्या (तिकिटाच्या भोकांच्या) कडेला लावला, ३९. डोकं फिरलं. एक रात्र तर मला वाटायला लागलं की आपल्याला कोणालाच माहीत नसलेली तिसरी व्हरायटी सापडलीय :) हसू नका, सगळ्यांना एकदा तरी असं वाटतंच.

शेवटी गोम कळली, आणि ती तिकिटात नव्हती, माझ्या मोजण्यात होती. फोटो काढताना सावली पडू नये म्हणून मी फोन तिरपा धरत होते, त्यामुळे उंची दबत होती आणि कोन लहान दिसत होता. स्कॅनरवर तिकीटच वाकडं पडलं होतं आणि मी स्कॅनची कड धरून मोजत बसले. आणि परफोरेशनचं तर विचारूच नका, त्या काळची ही तिकिटं सेंटरिंगला इतकी वाईट असतात की भोकांची ओळ आणि डिझाइनची चौकट यांचा एकमेकींशी काही संबंधच नसतो. चौकटीची खालची रेघ धरायची, बाकी काही नाही. मग ओएचपीची जुनी पारदर्शक शीट शोधली, बारीक मार्करने त्यावर एक आडवी रेघ आणि तिच्यावर दोन तिरक्या ओढल्या. कोनमापकाची भानगडच नको, १० मिलिमीटर आडवं गेल्यावर ७.३ वर चढलं की ३६ अंश, ४.७ चढलं की २५. शीट तिकिटावर ठेवली, भिंगाखाली हळूच सरकवली, आणि ३६ ची रेघ पहिल्या अक्षराच्या पायापासून शेवटच्या अक्षराच्या पायापर्यंत अशी चिकटून बसली की मी एकटीच मोठ्याने ‘हां!’ म्हणाले. निकाल विरुद्ध लागला तरी आनंद झाला. खर्च शून्य रुपये. तो महागडा डिजिटल मायक्रोस्कोप घेऊ का असं विचारणाऱ्यांनो, नका घेऊ, १० एक्सचं चांगलं भिंग आणि एक शीट पुरे.

आता वाईट बातमी. त्याच भिंगाखाली उत्साहाच्या भरात ग्वामचं २ सेंट घेतलं. ज्या ऑनलाइन डीलरकडून घेतलं त्याचं नाव लिहीत नाही, पण इथून पुढे तज्ज्ञांच्या सर्टिफिकेटशिवाय ग्वाम घेणार नाही. लाइट तिरका पाडला तर दिसलं की ओव्हरप्रिंटची शाई टपालाच्या शिक्क्याच्या वर बसलीय. म्हणजे आधी टपालात वापरलं गेलं, नंतर कोणीतरी ग्वाम छापलं. आणि शिक्क्यात काय वाचता येतंय, तर मॅसॅच्युसेट्स, म्हणजे खुद्द अमेरिकेतलं राज्य! खालचं तिकीट अस्सल, वॉटरमार्कसुद्धा (कागदातली छुपी खूण) बरोबर, लायटर फ्लुइडमध्ये दुहेरी रेघांची अक्षरं छान उमटली, म्हणून तर मी गाफील राहिले. बरं, फसवलं तेही ग्वामने. १८९८ च्या २० जूनला अमेरिकेची ‘चार्ल्स्टन’ ही युद्धनौका तिथे तोफा डागत शिरली तर स्पॅनिश अधिकाऱ्यांना ती सलामी वाटली, कारण युद्ध सुरू झाल्याचं त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी बेट गेलं. माझंही तसंच झालं म्हणायचं.

पण या भानगडीत तारखा चाळताना एक गंमत सापडली आणि माझ्या प्रदर्शनाच्या फ्रेमचा (तिकिटांच्या पानांचा) सगळा आराखडाच बदलतेय. अमेरिकेचा ट्रान्स-मिसिसिपी तिकिटांचा सेट निघाला १७ जून १८९८ ला. म्हणजे टपाल खातं ओमाहाच्या प्रदर्शनासाठी पश्चिमेचे शेतकरी आणि गुरं तिकिटांवर छापतंय, आणि चारच दिवसांनी आरमार पॅसिफिकमध्ये बेट घेतंय. शिवाय हा सेट दुरंगी निघणार होता, तो एकरंगी का झाला? युद्धाच्या करासाठी रेव्हेन्यू तिकिटं छापण्यात छापखाना अडकला होता म्हणून! तेव्हा पान २ वर आता ट्रान्स-मिसिसिपी आणि शेजारी जहाजवालं २ सेंटचं रेव्हेन्यू. ते तर चेकवर लावायचे, अजूनही चणेफुटाण्याच्या भावात मिळतं.

आणि पान ३ वर (हे आत्ता लिहिता लिहिता सुचलं) देशांप्रमाणे वेगळी पानं न करता नुसतं २ सेंटचं, राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनचं चित्र असलेलं तिकीट, एका ओळीत. साधं, क्यूबा, पोर्टो रिको, फिलिपिन्स, ग्वाम. ज्या माणसाने १७९६ मध्ये निरोप घेताना परक्यांशी कायमच्या युत्या करू नका म्हणून सांगितलं, त्याच्याच तोंडावर शंभर वर्षांनी बेटांची नावं. क्यूबाच्या तिकिटावर तेवढं ‘पेसो’ येतं. ते बेट गिळणार नाही असं अमेरिकन संसदेच्या टेलर दुरुस्तीने आधीच कबूल केलं होतं. (२० मे १९०२ ला लष्करी राजवट उठली, पण अमेरिकेला हस्तक्षेपाचा हक्क देणारी प्लॅट दुरुस्ती गळ्यात बांधून.) फिलिपिन्सला अशी कबुली नव्हती, ते २ कोटी डॉलर देऊन घेतलं आणि तिथे १८९९ च्या फेब्रुवारीत दुसरं युद्ध पेटलं. फिलिपिनो क्रांतिकारक अ‍ॅग्विनाल्डोच्या सरकारचं स्वतःचं लाल २ सेंटाव्होस आहे माझ्याकडे, ते ओळीच्या खाली, मुद्दाम एकटं. हवाईसाठी जागा रिकामी सोडते, तिथे तेव्हा असं ओव्हरप्रिंट झालंच नाही, १९०० मध्ये थेट अमेरिकन तिकिटं आली.

पान १ चा मथळा ‘एकलकोंडी अमेरिका’ होता, तो काढते. १८४८ मध्ये अर्धा मेक्सिको आणि १८६७ मध्ये अलास्का घेणारा एकलकोंडा कसला.

शेवटचं पानही ठरलं, मनिलाहून जे अमेरिकन सैनिक १९०० मध्ये परक्यांविरुद्धचं बॉक्सर बंड मोडायला चीनमध्ये गेले, त्यांच्याच सोबत आपली, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानची, फौज होती आणि आपली सी.ई.एफ. (चायना एक्सपेडिशनरी फोर्स) छापलेली व्हिक्टोरियाची तिकिटंही. अर्धा आणा कोणाकडे डबल असेल तर कळवा. बदल्यात ट्रान्स-मिसिसिपीचं २ सेंट देईन, ग्वाम नको म्हणालात तर समजून घेईन.