गीझरचा रॉड, स्लरीचं पाणी आणि चिमूटभर पांढरी रेती

मागच्या वेळी गच्चीवरच्या बायोगॅसच्या स्लरीचं पाणी गाळून त्यात ॲल्युमिनियमच्या पट्ट्या सोडून वीज दिली होती, म्हणजे त्यातलं फॉस्फेट आणि अमोनिया खत म्हणून वेगळं काढता येईल. फॉस्फेट मस्त उतरलं पण अमोनिया जिथल्या तिथे, अमोनिया तपासायच्या किटचा रंग तस्साच गडद हिरवा. वर तो जो चिखल खाली बसतो त्यातलं फॉस्फेट झाडांना फारसं मिळतही नाही. आई म्हणाली, "मग स्लरी सरळ झाडांनाच घातली असतीस तर?" उत्तर नव्हतं.

म्हणून आता मॅग्नेशियम. गीझर दुरुस्तीवाल्याकडे अनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारा) मिळतो तोच (विचारून घ्या, ॲल्युमिनियमचेही असतात), करवतीने तुकडा कापून विजेच्या अधिक टोकाला जोडला, उणे टोकाला, म्हणजे कॅथोडला, स्टीलची पट्टी. अमोनियम, फॉस्फेट आणि मॅग्नेशियम कणांच्या संख्येने एकास एक जुळले की स्ट्रुव्हाइटचे, म्हणजे झाडांना हळूहळू मिळणाऱ्या खताचे, कण पडतात, आणि त्याला लागणारा जास्तीचा पीएच कॅथोड आपोआप वाढवतो, वेगळा सोडा घालायला नको.

5 लिटर पाणी, अर्धा अँपिअर, 2 तास. हिशोबाने 0.45 ग्रॅम मॅग्नेशियम जायला हवं, सोनाराच्या छोट्या काट्यावर भरलं 0.6! आधी वाटलं काटाच गंडलाय, पण नाही, मॅग्नेशियम करंटशिवाय आपल्या आपणही पाण्यात झिजतं, बुडबुडे दोन्हीकडून येत होते. (हायड्रोजन आहे, उघड्या गच्चीवरच करा.)

एक सवय मोडावी लागली. ॲल्युमिनियमवर थर जमू नये म्हणून दर 10 मिनिटांनी वायरी उलट करायचो, इथे उलट केलं की स्टील विरघळणार आणि क्रोमियम पाण्यात येणार, त्यामुळे आता अधूनमधून रॉड बाहेर काढून घासतो.

सकाळी तळाला चिमूटभर पांढरी रेती! नाचायचाच बाकी होतो, मग थोडी व्हिनेगरमध्ये टाकली तर बारीक फसफस झाली. स्ट्रुव्हाइट गुपचूप विरघळतं, फसफसतं ते कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आमच्या बोअरच्या जड पाण्याने भेसळ केली. तरी बरंचसं न फसफसता विरघळलं, तेवढं आपलं.

अमोनिया मात्र जेमतेम एक शेड उतरला. स्ट्रुव्हाइटमध्ये फॉस्फेटमधल्या 31 ग्रॅम फॉस्फरसमागे अमोनियातला 14 ग्रॅमच नायट्रोजन अडकतो आणि स्लरीत फॉस्फेट आधी संपतं, मग उरलेला अमोनिया कशाला धरणार? पुढच्या खेपेला बोअरऐवजी टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी वापरून स्लरी करतोय. रेती आईने गुलाबाच्या कुंडीत घातलीये, मला न विचारता.