536870911 चे तीन तुकडे

गेल्या आषाढात डिचोलीला बहिणीकडे होते. दुपारी पावसात लाईट गेली ती रात्रीपर्यंत आलीच नाही. दहावीतला भाचा मेणबत्तीपाशी वही घेऊन बसला. "मावशी, 2 चा 29 वा घात उणे 1, ही मूळ संख्या असेल का गं?" घात 13, 17, 19 असताना मूळ संख्या येते, 11 आणि 23 ला येत नाही, एवढं त्याला ठाऊक होतं.

संख्या 53 कोटी 68 लाख 70 हजार 911. बुद्धिबळाच्या पटावर दुपटीने तांदूळ ठेवत 29 घरं भरली की एवढे दाणे होतात.

आधी 3, 7, 11, 13 असं सरळ भागत सुटलो. वर्गमूळ 23170 च्या पुढे, आणि तिथवर अडीच हजारांहून जास्त मूळ संख्या! 53 ला थांबलो. मग कॉलेजात शिकलेला, गणितज्ञ फर्माचा नियम आठवला. या संख्येच्या कुठल्याही मूळ विभाजकाला 58 ने भागलं तर बाकी 1 च उरते. शिवाय 8 ने भागल्यावर बाकी 1 किंवा 7 हवी. 8 च्या अटीने 59 बाद, 117 बाद, 175 ला तर 5 नेच भाग जातो. चौथा आला 233. भागायला बसलो आणि बाकी शून्य! भागाकार 2304167. इतक्या मोठ्या संख्येला पहिल्याच खऱ्या उमेदवाराने भाग जावा, याचा आनंद मला अजून आहे.

आता 2304167 चं वर्गमूळ 1518 च्या आत. त्याच दोन अटींच्या चाळणीतून तीनच मूळ उमेदवार उरले: पुन्हा 233, मग 929 आणि 1103. 233 ने बाकी 30, 929 ने 247. 1103 ला मी भागलं, बाकी शून्य, उत्तर 289. भाचा वहीकडे बघत राहिला. "मावशी, 289 म्हणजे सतराचा वर्ग. 17 कसा चालेल? त्याला 58 ने भागलं तर बाकी 17 उरते."

बरोबर होतं त्याचं. पुन्हा मांडलं. 2304 मधून 2206 गेले, उरले 98. वरून 1 उतरवला, 981. त्यात 1103 बसत नाही, तिथे भागाकारात शून्य लिहायचं, ते मी गाळलं होतं. पुढे 9816 मध्ये आठ वेळा, 9927 मध्ये बरोबर नऊ वेळा. उत्तर 2089.

2089 मूळ आहे का, हे तपासायला काहीच लागलं नाही. त्याचं वर्गमूळ 46 च्या आत, आणि नियमाप्रमाणे 58 पेक्षा लहान विभाजक असूच शकत नाही.

233 × 1103 × 2089. उलटा गुणाकार भाच्याने केला, एकेक आकडा जुळला. लाईट आली तेव्हा त्याने नव्या पानावर 31 लिहून ठेवला होता. 2 चा 31 वा घात उणे 1 ही संख्या मूळ असल्याचं गणितज्ञ ऑयलरने 1772 मध्ये दाखवून दिलंय, हे मी त्याला त्या रात्री सांगितलं नाही.