मेहुणे, तुमचं गाव नकाशात दाखवा

शेजारच्या काकांनी या आठवड्यात मला दोनदा विचारलं, "व्हेलचं काय झालं शनिवारी?" काका क्रू अलेक्झांड्राचे, म्हणजे इथल्या, इंग्लंडातल्या क्रू गावच्या फुटबॉल संघाचे. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मैदानात गेले ते आजतागायत तिथलेच. स्वतःच्या संघाचा निकाल त्यांना तोंडपाठ असतो. मग पोर्ट व्हेलची, शेजारच्या वैरी संघाची, चौकशी कशाला? आणि मोबाइल तर त्यांच्याकडेही आहे!

काकूंनी कुंपणापलीकडून सांगितलं, "करमत नाही गं त्यांना." यंदा, २०२५-२६ च्या हंगामात, लीगमध्ये दोघांची गाठच नाही. २०२४-२५ चा हंगाम संपता संपता व्हेलवाले एक पायरी वर गेले, लीग वनमध्ये. क्रू राहिले तिथंच, लीग टूमध्ये, म्हणजे वरून चौथ्या पायरीवर. काकांना भांडायला माणूस उरला नाही.

त्यावरून मागच्या हंगामातली एक सकाळ आठवली. लिहायची राहूनच गेली होती.

क्रू म्हणजे आमचं मिरज जंक्शन. एवढं सांगितलं की कोल्हापूरकराला बाकी काही सांगावं लागत नाही. १८३७ साली माळावर आधी स्टेशन झालं, मग त्याच्याभोवती गाव. इंग्लंडात प्रत्येकाने क्रू पाहिलेलं असतं, पण फलाटावरून. पोर्ट व्हेलचं मैदान इथून वीसेक किलोमीटरवर, स्टोक-ऑन-ट्रेंटमधल्या बर्सलेमला, कपबशा आणि चिनीमातीच्या भट्ट्यांच्या मुलखात. दोघांना जोडणारा रस्ता ए-५००, म्हणून हा सामना 'ए-५०० डर्बी'. डर्बी म्हणजे शेजारी संघांची झुंज. वैर रस्त्याच्या नावाने ओळखलं जातं, यात यांना काही वावगं वाटत नाही. आपल्याकडे कोल्हापुरात वैराला पेठा तरी आहेत.

तर काकू बर्सलेमच्या. शिवाजी पेठेतली पोर मंगळवार पेठेत द्यावी तसं ते लग्न. त्यांचा थोरला भाऊ पक्का व्हेलवाला. सामना क्रूला असला की तो सकाळीच बहिणीकडे नाश्त्याला येतो, मग दोघं मेहुणे चालत मैदानात जातात आणि तिथं वेगवेगळ्या दारांनी आत शिरतात. मागच्या हंगामात काकांनी मला जास्तीचं तिकीट काढलं होतं, म्हणून मीही त्या टेबलावर होते.

नाश्त्याला ओटकेक. नावावर जाऊ नका, केक वगैरे काही नाही. ओटच्या पिठात यीस्ट घालून आंबवायचं आणि तव्यावर पातळ पसरायचं. वर जाळी पडली की आंबोळीच ती! चीज घालून दुमडतात, त्यात बेकनही असतं, माझ्यासाठी बिनबेकनचा. आपल्याकडून परतलेल्या गोऱ्या सैनिकांना चपातीची आठवण यायची, त्यातून हा पदार्थ निघाला, अशी एक दंतकथा इथं सांगतात. खरं-खोटं देव जाणे, पण मला ती फुकट मिळाली आहे, मी वापरते.

मेहुणे दारातच सुरू झाले. "गाडी बदलायला उतरलो होतो, म्हटलं बहिणीला भेटून जावं."

काकांनी वर न बघता विचारलं, "सापडलं का तुमचं गाव नकाशात?"

हा घाव जुना आहे. पोर्ट व्हेल नावाचं गावच नाही. नाव आलं कालव्याकाठच्या धक्क्यांवरून. समुद्र तर कुठच्या कुठे! माझ्या बाबांना फोनवर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "देवमाशाचं बंदर? बरं हाय की."

"गाव नसेल," मेहुणे खुर्ची ओढत म्हणाले, "पण तेरा-दोनही नाही, डक."

इथं सगळे सगळ्यांना 'डक' म्हणतात. दुकानदार, बसचालक, साठीचे दोन बाप्ये एकमेकांना. नवी होते तेव्हा मला कोणी बदक म्हटल्याचा राग आला होता. आता कळतं, ते आपलं 'भावा' आहे. कितीही जहरी वाक्य असो, शेवटी डक लागलं की तोंडी लावायला लोणचं. आणि तेरा-दोन म्हणजे १९६० सालचा एफए कप, टॉटनमने क्रूला लंडनमध्ये १३-२ ने धुतलं होतं.

"त्याआधी इथं दोन-दोन बरोबरी झाली होती, ते कोण सांगणार?" काका म्हणाले. साठ वर्षांपूर्वीची बरोबरी! पण आवाज असा की कालच झाली. मग त्यांनी व्हेलचं मैदान काढलं. १९५० साली ते उघडलं तेव्हा त्याला 'उत्तरेचं वेम्बली' म्हणायचे (खरं वेम्बली म्हणजे लंडनचं राष्ट्रीय स्टेडियम), आणि तिथला एक स्टँड वर्षानुवर्षं अर्धवट पडून होता. "खुर्च्या बसवायला पैसे नव्हते यांच्या वेम्बलीला."

"वेम्बली शब्द तू काढलास," मेहुणे म्हणाले. इथं काकूंनी पाठ फिरवून तव्याकडे बघितलं, त्यावरून मला कळलं की काहीतरी येतंय. २०२४ च्या मे महिन्यात क्रू खरोखरच वेम्बलीला गेले होते, वर चढण्याच्या शेवटच्या सामन्यासाठी, आणि क्रॉलीकडून हरून परत आले होते. "सहल कशी झाली? सँडविच बरे होते का?"

काकांनी चहाचा घोट घेतला. "बरे होते. तुम्ही त्याच हंगामात वरून खाली पडत होता, नाहीतर तुम्हालाही आणले असते."

मला हसू आवरेना. कारण यातलं एकही वाक्य मोठ्या संघाच्या माणसाला सुचणार नाही. मँचेस्टर-लिव्हरपूलवाले जिंकलेले कप मोजतात. हे दोघं काय मोजतात? क्रू आणि व्हेल, दोघंही १८९२ साली दुसऱ्या डिव्हिजनच्या पहिल्याच पंगतीला बसलेले. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. मधे दोघंही काही वर्षं लीगमधून बाहेर गेले, परत आले. पहिल्या डिव्हिजनचं ताट अजून कोणाच्याच वाट्याला आलेलं नाही. पहिल्या पायरीला एकदाही न पोचता सगळ्यांत जास्त हंगाम लीगमध्ये काढण्याचा विक्रम पोर्ट व्हेलच्या नावावर आहे, आणि मेहुणे तो छाती पुढे काढून सांगतात. काका म्हणतात, आम्हीही पोचलो नाही. मेहुणे म्हणतात, हो, पण आमच्याइतकं चिकाटीनं नाही.

मग मेहुणे सहज बोलल्यासारखं बोलले, "आणि खरं सांगू? आमचं वैर स्टोक सिटीशी, आमच्याच शहरातल्या मोठ्या संघाशी. तुम्ही म्हणजे मधल्या वेळचं खाणं."

काका गप्प. गाव, संघ, मैदान, तेरा-दोन, सगळं हसत पचवलेला माणूस यावर गप्प झाला. काकूंनी भावाला नुसतं नावाने हाक मारली, पण माझी आई ज्या सुरात मारते त्या सुरात. तव्यावरचा ओटकेक करपल्याचा वास आला. शेवटी काका म्हणाले, "लीगमध्ये शेवटचं कधी खेळलात स्टोकशी? २००२ ना? त्यांनी वीस वर्षांत तुमच्याकडे वळून पाहिलेलं नाही." आता गप्प बसायची पाळी मेहुण्यांची. मग त्यांनी शेवटचा चांगला ओटकेक काकांच्या ताटात सरकवला आणि करपलेला स्वतः घेतला. सॉरी नाही, काही नाही.

आणि मग, विषय बदलायला असेल, ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्याकडे क्रिकेटच ना सगळं?"

हा प्रश्न मला इथं येऊन इतक्या वेळा विचारला गेलाय की मी त्यावर पाठ केलेलं उत्तर देते. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे, काकांचं सगळं मधल्या वेळचं खाणं माझ्या अंगात आलं. मी म्हटलं, ऐका. कोल्हापूर नावाचं गाव आहे, आणि ते नकाशात सापडतं. तिथं फुटबॉलचे संघ क्लबचे नसतात, तालमींचे असतात. पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा. जिथं मल्ल घुमायचे तिथल्या नावाने पोरं चेंडू खेळतात. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी उभे राहिले की दोन्ही पेठांतली दुकानं ओस. वर्ल्ड कप आला की गल्लीच्या एका तोंडाला ब्राझील आणि दुसऱ्याला अर्जेंटिना, आणि ते बॅनर तुमच्या या स्वयंपाकघरापेक्षा मोठे. तालमींकडून खेळायला नायजेरियाहून खेळाडू येतात. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव आमचा. आणि तुमच्या इथं दहा हजारांचं मैदान, त्यातही एकच स्टँड हत्तीएवढा आणि बाकी तीन बाजूंना सायकल स्टँड. आमच्याकडे गर्दी बघायची तर या.

शेवटचं जरा वाढवून बोलले असेन. सायकल स्टँडचं तर काकांना लागलंच, पण ते मोठ्या मनाचे.

मेहुणे मन लावून ऐकत होते. थट्टेचा लवलेश नाही. शिव्या कसल्या देतात विचारलं, सांगितल्या, भाषांतर करताना निम्म्या वाया गेल्या. मग म्हणाले, "तू किती सामने पाहिलेस तिथं?"

एकही नाही.

खोटं बोलता आलं असतं. स्टेडियमपासून चालत पंधरा मिनिटांवर वाढले मी. गोल झाल्याचा आवाज आमच्या गच्चीवर यायचा, त्या आवाजावरून कोणी मारला ते मला कळायचं. बाबा जायचे, भाऊ नववीपासून जायला लागला. मी विचारलं की उत्तर ठरलेलं, "तिथं लई शिव्या असत्यात, तुझं काय काम?" एकदा दगडफेक होऊन सामना थांबला, तेव्हा भाऊ कपाळ फोडून घेऊन आला आणि बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "बघितलंस?" जणू मीच मारला होता दगड. आता बायका जातात म्हणे. तेव्हाही जात असतील काही. आमच्या घरातून नाही. बाबांचं चुकलं असं मी इथं लिहिणार नाही, ते हा ब्लॉग वाचतात.

मेहुण्यांना एवढं सगळं नाही सांगितलं. नुसतं "शून्य" म्हटलं. त्यांनी काकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बरोबर आहे. फुटबॉल कधी बघितलाच नाही, म्हणून क्रूची झालीस. डक."

काका इतके हसले की चहा टेबलक्लॉथवर. मी चिडले, पण आतून बरं वाटलं. चार वर्षांत ऑफिसात कोणी माझा असा सरळ अपमान केला नव्हता. तिथं सगळे जपून, हळू, नीट उच्चार करून बोलतात.

निघालो. रिमझिम होती, काकांच्या गळ्यात लाल मफलर, मेहुण्यांचा पांढरा-काळा कोटाच्या आत. स्टेशनवरून पुढे आलो तसं रस्त्यावर पोलीस, घोड्यावरचे दोन. व्हेलच्या पोरांचा एक घोळका स्टेशनातून गाणी म्हणत बाहेर आला आणि पलीकडच्या फुटपाथवरून क्रूच्या पोरांनी उत्तर दिलं. ते इथं लिहिण्यासारखं नाही. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा बापाचा हात धरून दुसऱ्या हाताने जे करत होता त्याला आपल्याकडचे पेपर 'अश्लील हातवारे' म्हणतात. कुठल्या बाजूचा ते सांगत नाही, मला शेजार आहे.

म्हणजे शिव्या इथंही आहेत. मग फरक काय? मला तरी वाटतं, फरक रक्तात नाही, कागदावर आहे. १९८५ च्या कायद्याने मैदान दिसेल अशा जागी बसून दारू पिता येत नाही, ग्लास घेऊन आत कठड्यामागे उभं राहायचं. १९८९ च्या कायद्याने कोर्ट एखाद्याला मैदानाचीच बंदी घालू शकतं, वर्षानुवर्षं. पाहुण्यांचं दार वेगळं, स्टँड वेगळा, मधे पिवळ्या जाकिटांची रांग. ऐंशीच्या दशकातले इंग्रज प्रेक्षक काय होते ते सगळ्या युरोपला माहीत आहे. "तिकडचे लोक बघा किती शिस्तीचे" असं मला व्हॉट्सअॅपवर पाठवणाऱ्या मामांसाठी हे मुद्दाम लिहितेय. शाहू स्टेडियमलाही पोलीस असतातच, पण दगड मारणारा पुढच्या सामन्याला परत तिथंच दिसतो. तरीही, माझ्या पुढच्या रांगेत थर्मास घेऊन बसलेली सत्तरीची आजी नातीला ऑफसाइड समजावत होती, ते बघून घशात काहीतरी अडकलं होतं, तेही लिहून टाकते.

पण ते आत गेल्यावर. त्याआधी, जिथं दोघांच्या वाटा वेगळ्या होतात त्या कोपऱ्यावर, बाबांचा व्हिडिओ कॉल आला. तिकडं संध्याकाळ, बाबा चौकात, मागे गाड्यांचे हॉर्न. मी कॅमेरा फिरवला. काका आणि मेहुणे समोरासमोर उभे. मेहुण्यांनी काकांच्या मफलरची गाठ नीट केली आणि म्हणाले, "हरा नीट." काका म्हणाले, "तुम्ही परत जाताना तीन नंबरचा फलाट. पत्ता विचारू नका, लोकांना तुमचं गाव माहीत नाही."

बाबांना इंग्रजी यथातथाच. पण ते दोघांचे चेहरे मन लावून बघत होते, भुवया वर, पाटाकडीलच्या सामन्याला जाताना असायच्या तशा.

"ह्यातला आपला कुठला?" त्यांनी विचारलं.

मी काकांवर कॅमेरा धरला. बाबांनी बघून घेतलं.

"दुसरा बरा वाटतोय," ते म्हणाले.