तुम्ही विचारलंत म्हणून: चोरट्या मालाचा भरवसा

‘पावती नाही, फसलं तर पोलिसांत जायची सोय नाही. मग व्हेलची उलटी विकणारे-घेणारे एकमेकांवर विश्वास ठेवतात कसे?’ रत्नागिरी-सिंधुदुर्गात हा प्रश्न हमखास येतो.

ते एकमेकांवर ठेवतच नाहीत. भरवसा असतो मधल्या माणसाचा. ज्याला पुळणीवर उलटीचा गोळा (अंबरग्रीस, अत्तरात वापरतात तो) मिळाला, त्याला गिऱ्हाईक ठाऊक नसतं. त्याला ठाऊक असतो शेजारच्या वाडीतला एक जण, त्या जणाचा मुंबईतला मेव्हणा, मेव्हण्याच्या ओळखीचा आणखी कुणी. जो तो ‘माणूस आपलाच आहे’ म्हणतो आणि आपलं कमिशन चढवतो.

मालाची खात्री तर त्याहून अवघड. नाव उलटी, पण स्पर्म व्हेलच्या आतड्यात माकुळांच्या न पचलेल्या चोचींभोवती हा गोळा धरतो. ताजा असताना काळा आणि शेणासारख्या वासाचा, वर्षानुवर्षं पाण्यात राहून राखाडी. पण पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याला डांबराचे गोळे लागतात, कधी मेणाचे, चरबीचेही. तापलेली सुई टोचायची परीक्षा सगळ्यांना पाठ असते, पण सुईने मेणही वितळतंच की! पक्कं उत्तर प्रयोगशाळेत मिळतं, आणि तिथे चोराने जायचं कसं? मग एकाच गोळ्याचा फोटो चार जण आपापला म्हणून फिरवतात. ‘किलोला कोटी’ हा भाव बातम्यांतला; गावातल्या माणसाच्या हाती तो पडत नाही.

शेवटी गाडं अडतं ते ‘आधी माल दाखव’ आणि ‘आधी पैसे दाखव’ इथे. कुणाला तरी आधी पिशवी उघडावीच लागते. पोलिसांचं किंवा वनखात्याचं बनावट गिऱ्हाईक नेमकं याच क्षणाची वाट बघत असतं. पंच जवळपासच असतात. सापडतो बहुधा पिशवीवाला. वरच्यांचे फोन त्याच संध्याकाळी बंद. मात्र ज्या ओळखींवर सौदा उभा राहिला, त्याच ओळखी कॉल रेकॉर्डमध्ये उलट्या क्रमाने उलगडत जातात.

खवल्यांसाठी चोरून विकल्या जाणाऱ्या खवले मांजराच्या सौद्याचं आणखी वाईट. घाबरलं की गुंडाळी करतं, म्हणून हाताने उचलता येतं. पण मुंग्या-वाळवीवर जगणारं हे जनावर कोंडून ठेवलं की टिकत नाही. विकणाऱ्याला घाई, घेणाऱ्याला ती कळते, भाव पडतो. एवढं करून खवले म्हणजे केराटिन, आपल्या नखांचंच द्रव्य.

पुढचा प्रश्न ठरलेला: ‘व्हेलची उलटी आपसूक वाहून आली तर घ्यायला काय हरकत?’ हरकत आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ती सरकारी मालमत्ता. हाती आली तर 48 तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवायची. वनखात्याचा फोन 1926. त्याआधी फोटो कुणालाही धाडू नका, मेव्हण्याला तर नाहीच.