तुम्ही विचारलंत म्हणून: वरून खालचं दिसतं कसं?

उपग्रह साडेचारशे-पाचशे किलोमीटर वर, पृथ्वीचा गाभा २,९०० किलोमीटर खाली, मग आतलं दिसतं कसं? दिसत नाही. वरच्या आकड्यांतून जे आतलं नाही ते वजा करत जायचं, एवढंच काम.

गाभ्याचं चुंबकीय क्षेत्र वर येताना विरतं, बारीक नक्षी आधी. गणिताने ते परत गाभ्याच्या पृष्ठावर नेलं, की पृथ्वीभोवतीच्या एका फेरीत एकदाच वर-खाली होणारी लाट सहापट मोठी होते आणि तेरा वेळा वर-खाली होणारी साधारण ८,७०० पट. मोजमापातली चूकही तेवढीच फुगते. तेराच्या पुढे कवचातले चुंबकीय खडक गाभ्याला झाकून टाकतात. म्हणून स्वार्मच्या (चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या युरोपीय उपग्रहांच्या) नोंदींतल्या रात्रीच्या, चुंबकीय वादळ नसलेल्याच घ्यायच्या आणि अलिबागसारख्या वेधशाळांशी ताडायच्या. तरी यानावर ऊन पडण्याच्या कोनानुसार त्यावरच्या दोन मापकांत काही नॅनोटेस्लांचा (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) फरक निघालाच.

गुरुत्वाचं दुखणं वेगळं. गुरुत्व मोजणाऱ्या ग्रेस मोहिमेचे दोन उपग्रह २२० किलोमीटरच्या अंतराने एकामागोमाग धावत. खालच्या गुरुत्वानुसार त्या अंतरात पडणारा मायक्रोमीटरचा फरक मोजला जाई. त्यात पाऊस, बर्फ, समुद्र, सगळंच येतं. २०२५ मध्ये एका अभ्यासाने २००७ च्या सुमाराचा, आफ्रिकेच्या अटलांटिक किनाऱ्याजवळचा, सुमारे ७,००० किलोमीटर लांबीचा गुरुत्वातला संकेत दाखवला. वरच्या पाण्याने त्याचा पुरता उलगडा होत नाही. प्रावरणाच्या (कवच आणि गाभा यांमधल्या थराच्या) तळाशी खनिजाची रचना पालटली असावी, असा त्या अभ्यासकांचा अंदाज. त्याच सुमारास त्याच भागात चुंबकीय क्षेत्राच्या बदलाचा वेगही अचानक पालटला होता.

इथेच माझी पंचाईत. दोन वेगळी मोजमापं जुळली की झालं, असं पूर्वी मीच ठासून सांगायचे. पण असे चुंबकीय झटके २००३, २००७, २०११, २०१४ असे दर तीन-चार वर्षांनी येतात. एखादा जुळणं अवघड नाही. शिवाय तो संकेत उत्तर-दक्षिण लांबट आहे, आणि ध्रुवावरून जाणाऱ्या ग्रेसच्या नकाशांत खोटे पट्टेही नेमके तसेच उमटतात! त्या अभ्यासकांनी हे तपासलंय, मान्य. मला खोट दाखवता येत नाही. शंका मात्र जात नाही.

ग्रेसनंतर आलेल्या ग्रेस-एफओ या जोडीच्या २०१८ पासूनच्या नोंदींत असंच काही पूर्व-पश्चिम पसरलेलं सापडलं, तर निदान पट्ट्यांचा मुद्दा मी सोडून देईन.