खिडकीजवळचे चमच्यांचे टेबल

ठाण्यात नौपाड्यातील एका शाळेच्या सभागृहात दर जानेवारीत आमच्या मंडळाचे स्नेहसंमेलन भरते आणि मोटारींची छोटी मॉडेल्स करणारी सारी मंडळी त्या रविवारी एकत्र येतात. जानेवारी ठरवण्यामागे रंगाचेच कारण आहे. पावसाळ्यात आपल्याकडे हवा इतकी दमट असते की लॅकर या झटपट वाळणाऱ्या रंगातला थिनर (रंग पातळ करणारा द्रव) झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर हवेतले पाणी धरते आणि काळ्याभोर बॉनेटवर पांढरट झाक चढते. म्हणून आमच्यातले बहुतेक जण क्लिअर कोटचे, म्हणजे रंगावर द्यायच्या शेवटच्या पारदर्शक थराचे, काम दिवाळीनंतरच हाती घेतात.

बक्षीस समारंभ आणि दुपारचा वडा-चहा मला आवडतोच. पण मी वर्षभर वाट पाहतो ती खिडकीजवळच्या टेबलाची. तेथे मोटारी नसतात, पांढरे प्लास्टिकचे चमचे मांडलेले असतात. चमच्याची पाठ बॉनेटसारखी गोलसर असल्यामुळे रंग कसा बसतो हे तिच्यावर नेमके कळते. प्रत्येक चमच्याच्या दांडीला चिठ्ठी बांधलेली असते आणि तिच्यावर प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) कोणता, रंग कोणता, क्लिअर कोणते आणि रंगाच्या दोन हातांमध्ये किती दिवस जाऊ दिले, एवढेच लिहिलेले असते. २०२२ मध्ये एकदा वापरून फेकण्याच्या प्लास्टिकच्या चमच्यांवर देशभर बंदी आली, तेव्हापासून काही सभासद किटमधले न लागलेले भाग रंगवून आणतात. ‘चमच्यांचे टेबल’ हे नाव मात्र तेच राहिले.

या टेबलाशी नवखी मुले सर्वाधिक वेळ थांबतात ती सुरकुतलेल्या चमच्यांपाशी. एनॅमल या सावकाश पक्क्या होणाऱ्या रंगावर लॅकरचे क्लिअर मारले की असे का होते, हे वागळे इस्टेटमध्ये मोटारी रंगवण्यात हयात घालवलेले आमचे एक ज्येष्ठ सभासद दरवर्षी नव्या उत्साहाने समजावतात. एनॅमल हाताला काही तासांत कोरडे लागते, परंतु हवेतील ऑक्सिजन घेऊन ते आतपर्यंत पक्के व्हायला कित्येक दिवस, कधी कधी आठवडे लागतात. वरची साय धरलेली आणि आतला थर कच्चा, अशा अवस्थेत लॅकरचा जहाल थिनर आत शिरला की रंग फुगतो, उठतो आणि त्याला सुरकुत्या पडतात. याच्या उलट, खाली पूर्ण वाळलेले लॅकर असेल तर वर एनॅमल सहसा निमूट बसते, कारण त्याचा थिनर तुलनेने सौम्य असतो. एका वर्षी एका मुलाने विचारले, “काका, वाळलाय हे ओळखायचं कसं?” काकांनी त्याच्या हातात एनॅमलचा चमचा दिला आणि वास घ्यायला सांगितले. थिनरचा वास येतो आहे तोवर रंग वाळलेला नाही, आणि वास गेल्यावरही घाई करू नये, हे त्या मुलाबरोबर आम्हा सर्वांनाच पुन्हा ऐकायला मिळाले.

डिकलचे, म्हणजे मोटारीवर चिकटवायच्या पातळ छापील चित्रांचे, चमचे ही माझी विशेष आवडीची रांग. लॅकरच्या क्लिअरचा पहिलाच हात ओलाचिंब मारला तर डिकल आक्रसते किंवा विरघळू लागते. तेच आधी दोन-तीन विरळ, जवळजवळ कोरडे हात दिले आणि मग थोडे ओले मारले तर बहुधा टिकते. तामिया या जपानी कंपनीचे टीएस-१३ हे स्प्रेचे लॅकर क्लिअर आणि एक्स-२२ हे ॲक्रिलिक क्लिअर शेजारी शेजारी ठेवले की फरक डोळ्यांनी दिसतो: पहिल्याची चमक खोल, तर दुसरे डिकलशी अधिक सौम्य. चांदी रंगाच्या चमच्यांवर तर क्लिअर ओले पडल्यास धातूचे कण सरकून ढगाळ डाग कसे येतात, आणि आरशासारखा क्रोम रंग क्लिअरखाली कसा साधा करडा होतो, हेही तेथेच समजते. क्रोमवर क्लिअर मारूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हार्डनर (थर कठीण करणारे रसायन) मिसळून वापरायच्या टू-के क्लिअरबद्दल मंडळात दोन तट आहेत. ते काचेसारखे कठीण होते आणि पॉलिशला उत्तम येते, हे खरे. पण १:२४ च्या, म्हणजे खरीच्या चोविसाव्या हिश्शाएवढ्या लांबीच्या, मोटारीवर हात जरा जाड पडला तर दारांच्या फटी बुजतात आणि मोटार पाकात बुडवल्यासारखी दिसते. शिवाय हार्डनरमधील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असल्यामुळे, योग्य मास्क आणि हवा खेळती ठेवण्याची सोय नसलेल्या घरात ते वापरायला आमचे काका ठाम नकार देतात. येथे वास घेऊन पाहण्याचा प्रश्नच येत नाही, हे ते मुलांना आवर्जून बजावतात.

जुने चमचे आम्ही टाकत नाही. त्यांतील एनॅमल क्लिअरचे पांढरे चमचे वर्षागणिक पिवळे पडत गेलेले आहेत, आणि पांढऱ्या मोटारीसाठी क्लिअर निवडताना मी आजही आधी तीच रांग पाहतो. पाण्यात मिसळणाऱ्या क्लिअरचे जुने नमुने मात्र आमच्याकडे फार थोडे आहेत. फ्लॅटच्या बाल्कनीत काम करणाऱ्या सभासदांना कमी वासाचे तेच क्लिअर सोयीचे पडते, म्हणून येत्या जानेवारीत प्रत्येकाने त्याचा एक तरी चमचा, चिठ्ठीवर तारीख घालून, आणावा असे ठरले आहे.